लँडमास्टरचे स्पीकर

झाशी,
१२ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. इंदूजिजीस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला येतेस का हे विचारायला बसलो, पण डोक्यात बाबांच्या गाडीशिवाय दुसरं काही नाही, तेव्हा आधी तेच ऐक. लँडमास्टरमधला रेडिओ घरघरतो, बातम्या कळत नाहीत, ही त्यांची कुरकुर पावसाळाभर चालली होती. उघडून पाहिलं तर स्पीकरचा कागद खरंच फाटलेला. इलाइट चौराह्यावरून नवा आणला. तो जुन्या भोकात बसतो, पण त्याचं चुंबक मागे वायपरच्या मोटारीला अडतं. मग दोन्ही दारांत एकेक बसवावा म्हटलं, तर बाबा म्हणाले की पत्रा कापायचा असेल तर आधी माझा हात काप. शेवटी रेडिओवाले मधुभैया आणि मी, दोघांनी मिळून मागच्या सीटमागच्या फळीवर दोन स्पीकर बसवले. बोटं सोलून निघाली. बाबा रविवारी गाडी घेऊन मोठ गावाला गोविंदकाकांकडे जाऊन आले आणि उतरता उतरता म्हणाले, की फाटका होता तोच बरा होता!

तुझी लाडकी भावजय स्नेहलता हसते, पण माझं डोकं फिरलंय. तू त्यांना दोन शब्द लिही. तुझं ते ऐकतात.

मेहुण्यांना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तितकाच राहू दे, वाढवलास तरी हरकत नाही.

तुझा,
विद्याधर


नागपूर,
२२ ऑक्टोबर १९८६

चि. विद्याधरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ह्यांना हसू आवरेना. आईची इस्त्री दुरुस्त करून तू घरभर अंधार केला होतास, ते मी त्यांना सांगितलं. अरे, स्पीकरच हलका घेतला असशील. बाबा जन्मभर रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून शिटीवरून कुठलं इंजिन ते सांगायचे. त्यांच्या कानाला आवाज खोटा वाटतोय तर स्पीकरच खोटा, यात वाद कसला?

इथल्या चांगल्या दुकानातून दोन घेतले आहेत. आमच्या शेजारच्या कमलताई ग्वाल्हेरला निघाल्या आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. झाशीला गाडी थांबेल तेव्हा फलाटावर जाऊन घे. ह्यांना रजा नाही, म्हणून दिवाळी इथेच. बाबांवर चिडू नकोस. स्नेहलतेला आशीर्वाद.

तुझीच, कितीही चिडलास तरी,
इंदूजिजी


झाशी,
१८ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. इंदूजिजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे नागपुरी स्पीकर लांबोडके निघाले. फळीचं भोक गोल. नवी फळी कापली, तासली, बसवली, तारा पुन्हा ओढल्या. दोन रविवार त्यात गेले. आणि निकाल काय, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो म्हणे! रेडिओ इतका मोठा लावतात की फाटकापाशी दूधवाला सायकल थांबवून पूर्ण गाणं ऐकून जातो. मधुभैयांनी पुन्हा पाहिलं आणि सांगितलं की दादाजी, आवाज तो बिलकुल साफ है. त्यावर बाबा त्यांना तोंडावर ठग म्हणाले. एवढा भला माणूस, चहा तसाच ठेवून निघून गेला.

मग माझाही तोल गेला. गाडी भंगारात घाला, असं ओरडलो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. गाडीचं वेड तरी किती असावं! काल जेवताना स्नेहलतेने मीठ वाढू का विचारलं, तर म्हणतात, मोठला रविवारी जाणार.

मी या घरात काही दुरुस्त करणार नाही, पंख्याचं बटणसुद्धा. लोभ मात्र तुझ्याकडून हवाच, इथे तो संपला आहे.

तुझा,
विद्याधर


नागपूर,
२६ नोव्हेंबर १९८६

चि. विद्याधरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ते मिठाचं वाक्य आधी हसत वाचलं आणि मग हातातलं काम सुटलं. विद्या, स्पीकरला आता हात लावू नकोस. बाबांच्या पाठीमागे उभा राहून त्यांना एकदा हाक मार, आणि ओ येते का ते बघ. तोवर त्यांना एकटं गाडी चालवू देऊ नकोस. हे सांगताना आवाज चढवू नकोस रे. लगेच लिही.

काळजीत असलेली,
इंदूजिजी


झाशी,
२ डिसेंबर १९८६

ती. सौ. इंदूजिजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. रविवारीच सगळं होऊन गेलं होतं.

समेट करावा म्हणून मी त्यांच्याबरोबर मोठला निघालो. कानपूरच्या रस्त्यावर मागून ट्रक सारखा हॉर्न देत होता आणि बाबा रस्त्याच्या मधोमध. मला वाटलं, हट्टाने वाट देत नाहीत. हॉर्न तरी ऐकू जावा म्हणून मी रेडिओ बंद केला. त्यांना कळलंच नाही, जिजी. ते समोर बघत चालवत राहिले. इतक्यात ट्रक उजव्या दाराला घासून पुढे आला आणि ते दचकले. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून आम्ही आहोत. गाडी शेतात उतरली.

बाहेर आल्यावर ते ओरडले, की बेअक्कल लोक, हॉर्नसुद्धा देत नाहीत. मी म्हणालो, हो बाबा, नाही दिला.

घरी आणली गाडी मीच, पण पुढे काय बोलायचं ते मला येत नाही. एवढे दिवस मी कशावर चिडत होतो! तू लिही त्यांना. मला सांभाळून घे.

विद्याधर


झाशी,
१७ डिसेंबर १९८६

चि. सौ. इंदूस,
वामनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन पानं थंडी आणि तिळाचे भाव लिहून तू मुद्द्यावर आलीस, तोवर माझा चहा गार झाला. सरळ लिहायचं होतंस. मला कळलं होतं. हॉर्न दिला नाही असं विद्या म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं मी.

त्याच संध्याकाळी लक्ष्मी तालाच्या काठी देवळात गेलो आणि घंटा जोरात वाजवली. लोक वळून बघू लागले. मला ती शेजारच्या घरात वाजल्यासारखी ऐकू आली. मग स्नेहलतेला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कान गेलेत, डावा अधिक. यंत्र लावायचं आहे. त्याने किती फरक पडेल ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. मला राग येतो, इंदू. सकाळी उठल्या उठल्या येतो, आणि काढायचा कोणावर ते कळत नाही. स्पीकर होता तोवर बरं होतं, तो बदलता येत होता.

मधुभैयांच्या दुकानी जाऊन हात जोडले. त्यांनी चहा मागवला.

किल्ली स्नेहलतेला दिली आहे. विद्याला नाही, तो क्लच जाळतो. रोज सकाळी मी शेजारी बसून तिला शिकवतो. गिअर करकरला की ती हळूच माझ्याकडे बघते, म्हाताऱ्याला ऐकू गेलं का म्हणून. ऐकू नाही जात. पायाखालच्या पत्र्यातून कळतं. मी ओरडतो आणि पोरगी हसत सुटते.

संक्रांतीला ये. स्टेशनवर तुला घ्यायला ती येणार आहे, आणि मी मागे बसणार आहे. जावईबापूंना आशीर्वाद. आमच्यावर माया असू दे, आणि बोलताना जरा मोठ्याने बोल.

तुझा,
बाबा