चार शब्द आणि एक हुंकार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती (दोन वर्षांपासून बंद), हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणावे एवढी कोणाला माझी गरज उरलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, उलट लिहायचे ते लवकर लिहा म्हणाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायला हवे होते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा बोळ, माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. बँकेत जे आहे तेही तिचेच. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी, नुसती ओढली तर हातात येते. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला शिडी देऊ नये. एकदा दिली होती, ती दोन पायऱ्या कमी होऊन परत आली आणि वर मलाच म्हणाला की आधीपासून तशीच होती.

कलम २. दुरुस्तीची हत्यारे, कानशी, चिमटे आणि लहान वजनांची लाकडी पेटी बाजारातल्या टकल्या काटेवाल्याला द्यावी. त्याने माझी निम्मी गिऱ्हाइके पळवली आणि माझ्याबद्दल नाही नाही ते बोलला. पण काट्याला हात लावावा तो त्यानेच. मी हे त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. आता त्याला कळवायला हरकत नाही.

कलम ३. बोळात ताडपत्रीखाली उभी असलेली मोटारसायकल, डाव्या बाजूच्या साइडकारसह, माझ्या दिवंगत बायकोच्या धाकट्या भावाला द्यावी. तो मेकॅनिक आहे. साइडकार त्यानेच जोडली होती, चार जोडांवर, आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. जावईबापूंना ती गाडी मित्राच्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची आहे. तसे करू नये.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात गाडी कोणाला ते लिहितात, कशी चालवायची ते लिहीत नाहीत. मी लिहिणार. ही गाडी दोन माणसांची आहे. उजवीकडे वळताना ती साइडकारवर दबते आणि फारसे बिघडत नाही. डावीकडे वळताना मात्र साइडकारचे चाक जमिनीवरून उचलते, आणि आत बसलेल्याने अंग बाहेर काढून डावीकडे झोकून दिले नाही तर गाडी हातात राहत नाही. म्हणून आमचे चार शब्द होते. वळणाआधी मी म्हणायचे, ‘डावं’ किंवा ‘उजवं’. ब्रेक लावण्याआधी ‘धर’. रस्ता सरळ झाला की ‘सैल’. प्रत्येक शब्दाला तिचा हुंकार यायचा, ‘हं’. तो ऐकल्याशिवाय हँडल हलवायचे नाही, हुंकार आला नाही तर सरळ पुढे जायचे आणि लांबून वळून यायचे. हे मेहुण्याने पहिल्या दिवशी दम देऊन शिकवले होते.

सव्वीस वर्षे आम्ही असे हिंडलो. मी काटे उघडायचो, ती वजने पारखायची, आणि परतताना दुरुस्तीला घेतलेला काटा मांडीवर घेऊन बसायची. मी गाडी चालवतो असे कोणापाशी म्हणालो की ती तिथल्या तिथे दुरुस्ती करायची, “अहो, आपण चालवतो.” भांडणे तर पुष्कळ व्हायची. त्याचे दोन नियम होते, दोन्ही तिचे. ज्याने दुखावले त्याने आधी बोलायचे. आणि घरात कितीही अबोला असो, गाडीवरचे चार शब्द त्यात धरायचे नाहीत.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. माझ्या मुलीने ते शेवटपर्यंत वाचावे.

पोरी, अपघाताच्या चार दिवस आधी आम्ही एका धान्याच्या दुकानात मोठा काटा बसवत होतो. दुकानदाराने चेष्टेत विचारले, वहिनी रोज कशाला सोबत? मी म्हणालो, “वजन म्हणून आणतो. रिकामी गाडी उलटते.” दुकान हसले. हमालसुद्धा हसले. मीही हसलो. तुझी आई वजने फडक्यात गुंडाळत होती, तिने मान वर केली नाही. त्या संध्याकाळपासून अबोला सुरू झाला. बोलायची पाळी माझी होती हे मला पक्के माहीत होते. पण एवढ्याशा चेष्टेचे काय घेऊन बसायचे, असे म्हणून मी हट्टाला पेटलो. तीन दिवस गाडी बाहेर काढली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी काटा पोचवायचा होता. ती न बोलता येऊन बसली. आमच्या घरापासून लाकडाच्या वखारीपर्यंत रस्ता सरळ आहे, तुला माहीत आहे. वखारीपाशी डावे वळण. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मनात म्हटले, रस्ता तिच्या पायाखालचा आहे, सांगायला कशाला हवे, आणि आपण आधी का बोलायचे? मी गप्प राहून हँडल वळवले.

चाक उचलले. आणि तेव्हा मला तिचा हुंकार ऐकू आला. ‘हं.’ मी न म्हटलेल्या शब्दाला तिने उत्तर दिले आणि अंग बाहेर टाकले, पण तोवर उशीर झाला होता. गाडी उलटू नये म्हणून मी हँडल परत फिरवले, आणि रस्ता ओलांडून साइडकार समोरच्या ओंडक्यांत घुसली. माझा खांदा निखळला. ती तीन दिवस दवाखान्यात होती आणि शुद्धीवर आली नाही. तिचा शेवटचा शब्द तो ‘हं’ आहे. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. तो अजून ऐकू येतो, आणि त्यावर मला कोणताही डॉक्टर नको आहे.

दवाखान्याच्या जिन्यावर तू मला विचारलेस, “बाबा, झालं काय?” मी म्हणालो, साइडकारचा बोल्ट निघाला. तुझ्या मामाने आठच दिवसांपूर्वी ते बोल्ट बदलले होते. तू तशीच उठून त्याच्या गॅरेजात गेलीस आणि गिऱ्हाइकांदेखत त्याला म्हणालीस की तू माझ्या आईला मारलंस. वर्षभरात गॅरेज बंद पडले. ज्याच्या हातचा बोल्ट निघतो त्याच्याकडे कोण गाडी देणार? आता तो दुसऱ्याच्या गॅरेजात पंक्चर काढतो.

मोडलेली गाडी त्यानेच उचलून नेली होती. आठवड्याने मला बोलावले. म्हणाला, “दाजी, चारही जोड पाहिले. एकही बोल्ट हललेला नाही.” मी खाली बघत राहिलो. मग तोच म्हणाला, “पोरीची आई गेली. बाप तरी राहू दे तिला.” पुढे सहा महिन्यांनी त्याने गाडी दुरुस्त करून निमूट दारात आणून लावली. मी ती एकदाच चालवली. साइडकारमध्ये साठ किलोची वजने ठेवली आणि वखारीच्या वळणावर मोठ्याने ‘डावं’ म्हणालो. चाक जरासुद्धा उचलले नाही. घरी येऊन ताडपत्री घातली.

अकरा वर्षे मी तुझ्या हातचे जेवलो आणि तुझ्या तोंडून मामाला शिव्या ऐकल्या. मला माफ करू नकोस. माझ्यापाशी माफ करण्यासारखे काही नाही. तू एवढेच करावेस की मामाकडे जावेस, आणि जे चारचौघांत बोललीस ते चारचौघांतच परत घ्यावेस. त्याने त्याचे गॅरेज परत उघडणार नाही, हे मला कळते.

कलम ५. कलम ३ मधील गाडी मेहुण्याला न देता मुलीला द्यावी. हा बदल आज, सही करण्याआधी, वकीलबाईंसमोर करत आहे. कारण खाली लिहितो.

मेहुण्याला मी आज इथे बोलावले होते. मुलगी मला घेऊन आली आहे. ती बाहेरच्या बाकावर बसली आहे. तो आला तेव्हा तिने तोंड फिरवले. आत येऊन त्याने उभ्यानेच सगळे कागद वाचले. गाडीचे कलम वाचून त्याने वकीलबाईंना विचारले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळते का? त्या म्हणाल्या, नाही, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करत नाहीत, पुढे वाद होतो. तो म्हणाला, “मग मला साक्षीदार करा.”

त्याने पेन घेतले, पण टेकवले नाही. दाराकडे बघून म्हणाला, “दाजी, हे मेल्यावर कशाला? ती बाहेरच बसलीय. हाक मारू?”

तो माझ्या हुंकारासाठी थांबला. वकीलबाईही थांबल्या. दाराच्या काचेतून मुलीची पाठ दिसत होती. शब्द जिभेवर होता.

मी सही करत आहे. मग तो करेल.

सही: लिहून देणार
साक्षीदार १: लिहून देणाऱ्याच्या दिवंगत बायकोचा भाऊ, मेकॅनिक. मजकूर वाचला.
साक्षीदार २: वकीलबाईंचे कारकून. मजकूर वाचला नाही.
ठिकाण: वकीलबाईंच्या ऑफिसची आतली खोली, दार बंद
दिनांक: अपघाताला अकरा वर्षे पुरी व्हायला नऊ दिवस कमी