मेथीच्या डब्यातल्या कड्या

प्रिय गुंजनताई,

सवतीला ‘प्रिय’ लिहिणारी मी पहिलीच असेन. पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही. तू वयाने मोठी, या घरात माझ्याआधी आलेली, म्हणून ताई. अहोजाहो मात्र करणार नाही. एकाच माणसाचे शर्ट धुतलेल्या दोघींमध्ये कसली अहोजाहो? मी मिनल, कामठीची. तू डेंग्यूने गेलीस, त्यानंतर दोन वर्षांनी सौरवने माझ्याशी लग्न केलं. हॉलमधल्या फोटोत तू रोज दिसतेस, तेवढीच आपली ओळख. आज अविधवा नवमी, म्हणजे तुझा दिवस. तुझ्या नावाने सवाष्ण जेवून गेली, आपल्या सासूबाई आत झोपल्या आहेत, माझा साहिल त्यांच्या पायथ्याशी लुडकला आहे. भांड्यांचा ढीग तसाच टाकून मी तुला लिहायला बसले आहे.

तुझ्या घड्याळाशी माझी ओळख सौरवच्याही आधी झाली. तो मला बघायला कामठीला आला, तेव्हा वर बघायची हिंमत नव्हती आणि खाली बघितलं की पोह्यांची प्लेट धरलेलं त्याचं मनगट. बाबांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, घड्याळ चांगलं दिसतं, कुठून घेतलं. झालं. त्याने खिशातून डेपोची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर घड्याळावर करकर घासली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. स्टीलवर पिवळी रेघ उमटली होती, ती त्याने अंगठ्याने पुसली, आणि खाली काहीच नाही. “किल्लीचं पितळ घासून राहिलं काका, स्टीलले काही नाही होत,” म्हणाला. मग सगळं समजावून सांगितलं, की हे आतून साधंच स्टील आहे, पण भट्टीत घालून वरचं कातडं कडक केलेलं असतं, कितीही घासा, ओरखडा उठत नाही. बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला तो तिथेच आवडला. मग माझ्या मावशीने विचारलं, घेऊन कोणी दिलं? तो किल्ली खिशात ठेवायला लागला. सासूबाईच हळूच म्हणाल्या, “पहिलीनं दिलं होतं.”

तुला हेच घड्याळ का सुचलं ते मला लग्नानंतर समजलं. लकडगंजातला आपला प्लायवूडचा डेपो तू बघितलेलाच आहेस. दिवसभर प्लायच्या पाट्या ओढायच्या, लोखंडी पट्ट्या कापायच्या, ट्रकच्या फळीवर हात टेकवायचा. तिथे कोणतं घड्याळ टिकेल? तुझं टिकलं. तुझ्या चादरी विरल्या, तुझ्या हातच्या पडद्यांचा रंग गेला, तुझी कढई बुडाशी पातळ झाली, खिडकीतल्या उन्हाने फोटोतली तुझी हिरवी साडीसुद्धा पांढुरकी दिसते. मी वाट बघत होते गं. रोज संध्याकाळी तो घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा आणि मी दूध ठेवायच्या निमित्ताने ते उजेडात फिरवून बघायची. एक ओरखडा दिसला असता तर माझं पोट भरलं असतं. नाही दिसला. मेलेल्या बाईवर कोणी जळतं का, असं मी स्वतःला विचारायची. जळतं. चांगलं धडधडून जळतं.

पहिल्या दिवाळीत, पाडव्याला ओवाळताना मीही त्याला घड्याळ दिलं. सोनेरी काठाचं, स्टीलचाच पट्टा. त्याने कौतुकाने घातलं, तुझं कपाटात गेलं, आणि तो महिना माझा फार छान गेला. पण माझं घड्याळ साधं. डेपोच्या शटरने त्याला घासलं, गाडी पुसताना घासलं, साहिल झाल्यावर त्याने दात लावले आणि फरशीवर आपटलं. काठाचं सोनं उडालं. एके दिवशी सौरव फार मायेने म्हणाला, “मिनल, तुझं हे ठेवून देतो, काहून खराब करायचं,” आणि तुझं परत घातलं. माया होती, म्हणून जास्त लागलं. तुझं रोज वापरायचं, माझं जपायचं. बायकोला जपतात ते वेगळं आणि पाहुण्यांच्या कपबश्या जपतात ते वेगळं, हे त्याला कोण सांगणार?

आता पुढचं मी ठरवून केलं नव्हतं, शपथ. मला स्वयंपाक येतो. गोळाभातावर कडकडीत फोडणीचं तेल, पाटवडीचा रस्सा, पुरणपोळीवर तुपाची धार, हे माझ्या माहेरचं वळण. तू त्याला काडीपैलवान सोडून गेली होतीस. सासूबाई सांगतात, घड्याळ आणलं तेव्हा त्याच्या मनगटात ते बांगडीसारखं फिरायचं, म्हणून दुकानदाराने पट्ट्यातल्या दोन कड्या काढून दिल्या होत्या. माझ्या हाताखाली तो भरला. गाल वर आले, पोट आलं, आणि या उन्हाळ्यात घड्याळाचं कुलूप लागेना. पट्टा सैल करायच्या जेवढ्या खाचा होत्या त्या संपल्या. मनगटावर लाल वळ उठायला लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की जे किल्लीने झालं नाही ते माझ्या तुपाने झालं. मी त्या रात्री वरणावर आणखी एक चमचा सोडला. हे मात्र ठरवून.

दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद पडलं, दुसऱ्या कड्या बसणार नाहीत, तेव्हा काढलेल्या असतील तर आणा. मग काय, घर उलटंपालटं. “गुंजननं कुठं ठेवल्या असन?” एवढं एकच वाक्य महिनाभर घरात फिरत होतं. तुझी पेटी, तुझ्या पर्स, शिलाई मशीनचा खण, सगळं निघालं. तो त्या वस्तू हातात घेऊन बसायचा आणि मी दारात उभी. तुला सांगते, कड्या शोधण्याच्या नावाखाली त्याने तुझ्याशी पुन्हा एकदा संसार मांडला होता. आणि कड्या सापडल्या मला. तुझा चांदीचा करंडा सासूबाईंनी लग्नात मला दिला होता, मी तो कधी उघडलाच नव्हता, सवतीचं कुंकू कोण लावणार? श्रावण लागला म्हणून घासायला काढला, तर तळाशी, कुंकवाखाली, चिमुकल्या पुडीत दोन कड्या. नवऱ्याच्या घड्याळाच्या कड्या कुंकवात ठेवणारी बाई तू. मी ती पुडी स्वयंपाकघरात मेथीच्या डब्यात खुपसली. या घरात मेथीदाण्याच्या डब्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

देव मोठा खट्याळ असतो. आठवड्याभरात सौरवने जाहीर केलं, की कड्या नाही सापडत तर मनगटच बारीक करतो. पहाटे मैदानावर चालायला. भात बंद, तूप बंद, पोळी एक. आणि सासूबाईंनी सुचवलं मेथीचं पाणी. रोज संध्याकाळी त्याच डब्यात चमचा घालून, त्या पुडीच्या बाजूबाजूने मेथी काढून मी भिजवायची, कशासाठी, तर तुझं घड्याळ त्याला यावं म्हणून. दर रविवारी तो श्वास रोखून कुलूप लावून बघायचा, जणू श्वास मनगटातूनच जातो. माझ्या पाटवड्या वाटीत थंड व्हायच्या. ताई, मला घड्याळ सोसलं, फोटो सोसला, पण माझं ताट परत यायला लागलं ना, तेव्हा मला रडू आलं. या घरात निव्वळ माझं असं तेवढंच होतं.

म्हणून आज सकाळी मी ठरवलं, ही भानगडच घरातून घालवायची. सवाष्ण म्हणून शेजारच्या सुभद्राकाकूंना बोलावलं होतं. ओटीच्या तांदळात मी त्या दोन्ही कड्या मिसळल्या. तुझी वस्तू, तुझ्याच नावाच्या ओटीतून, तुझ्याच दिवशी घराबाहेर. कोणाला काही कळणार नव्हतं. काकूंच्या भातात निघाल्या असत्या तर त्यांनी किराणावाल्याला शिव्या दिल्या असत्या. वडे, कढी, तांदळाची खीर, पुरणपोळी, सगळं तुझ्यासाठी केलं. कावळ्याने पहिल्या फटक्यात घास उचलला, म्हणजे तू खूश. आणि सौरव पंगतीला बसला तो कितीतरी दिवसांनी माणसासारखा जेवला. पोळीमागून पोळी. “आज चालते,” म्हणाला, “तुझ्या हातचं असं खाऊन किती दिवस झाले गं,” आणि बोटं चाटली. मी वाढता वाढता नुसती बघत होते. मग हात धुऊन आला, कपाटातून घड्याळ काढलं, लावून बघितलं. नाहीच लागलं. त्याचा चेहरा उतरला आणि सासूबाईंना म्हणाला, “उद्यापासून रात्रीचं जेवण बंदच करतो.”

त्याचा चेहरा बघवला नाही म्हणून मी विरघळले, असं लिहिलं तर तुला मी फार चांगली वाटेन. तसं काही नाही. मी हिशेब केला. कड्या गेल्या तर हा मनुष्य आयुष्यभर तुझ्यासाठी उपाशी राहील, आणि माझ्या चुलीला काही अर्थ उरणार नाही. सुभद्राकाकू पदर पसरून समोर उभ्या, नारळ ठेवून झाला, खण ठेवून झाला, आणि मी आपली ताटातल्या तांदळात बोटं फिरवतेय. काकू म्हणाल्या, “काय शोधून राहिली वं, खडे आहेत काय?” मी म्हटलं, हो, दोन. बोटाला गार लागलं, दोन्ही कड्या मुठीत धरल्या, आणि उरलेल्या तांदळाने तुझ्या नावाची ओटी भरली.

काकू गेल्या तशी लगेच घड्याळ घेऊन इतवारीत त्याच दुकानदाराकडे गेले. दुकानदाराने पट्टा उघडला आणि मी नेलेली कोरी कडी जुन्या कड्यांच्या शेजारी ठेवली. मला वाटलं होतं फरक दिसेल. इतक्या वर्षांचा डेपो एकीकडे आणि तुझ्या कुंकवातली विश्रांती दुसरीकडे. ओळखू येईना, ताई. बाहेर उजेडात नेऊन बघितलं तरी येईना. मी हरले तिथे. पर्समध्ये मी त्याला दिलेलं घड्याळही होतं, सेल बदलायला आणलेलं. ते बघून तो म्हणाला, याला पॉलिश मारून नवं करून देतो, त्या दुसऱ्याला पॉलिश चालत नाही, घासलं तर वरचं कडक कातडंच जाईल. मी माझं घड्याळ हातात घेतलं. हा शटरचा ओरखडा, हे साहिलचे दात, ही रेघ आम्ही रामटेकला गेलो तेव्हा गाडीच्या दारात अडकलं त्याची. मी म्हटलं, नको, राहू द्या असंच.

घरी येऊन त्याच्या हातात दिलं. करंड्यात सापडल्या म्हटलं, तेवढं खरंच आहे. कुलूप खट्कन लागलं. त्याने मनगट फिरवून बघितलं, डोळे भरून आले, आणि तो काय म्हणाला माहीत आहे? “गुंजननं किती जपून ठेवलं होतं पाहाय.” झालं. शोधल्या मी, लपवल्या मी, तांदळातून काढल्या मी, रिक्षाने इतवारी मी गाठली, आणि नाव तुझं. मी हसले आणि त्याला खिरीची वाटी दिली. ती त्याने संपवली, मेथीचं पाणी आजपासून नको म्हणाला आणि डेपोवर गेला. हे पत्र मी त्यासाठी लिहितेय. त्याला मी हे कधी सांगणार नाही, आणि या जगात ज्या दुसऱ्या बाईला हे समजेल ती तूच. आणखी एक. दुकानदार दोन्ही कड्या बसवत होता, मी एकच बसवू दिली, सध्या तेवढीच लागते. दुसरी माझ्याकडे आहे. तुझ्या करंड्यात नाही, माझ्या करंड्यात, माझ्या कुंकवाखाली. उद्या गोळाभात करतेय. मनगट अजून भरेल, कुलूप परत लागेनासं होईल, तेव्हा ती कडी त्याला माझ्याकडे मागावी लागेल. त्या दिवशी तू तुझ्या फोटोतून गुपचूप बघत राहा, मध्ये बोलू नकोस.

तुझीच सवत,
मिनल