एलियाहूच्या रथाचे घोडे

६ जाने., मंगळ.
वाचनालयाच्या बाईंचा फोन. रविवारी १८ ला प्रदर्शन ठरवलंय, 'स्थानिक ज्यू कलाकारांची चित्रं व हस्तकला'. म्हणाल्या, तुमच्यातल्या सगळ्यांना आणा. सगळे म्हणजे मी आणि सॅमसन भाऊजी. आमच्या लोकांत हाताने काही करणारे सोलापुरात आता एवढेच. त्यात चार महिने बोलणं बंद. घरी एलियाहू नबीच्या नावाने मलिदा, म्हणजे प्रसादाचं ताट, केलं तेव्हा भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे बघून पुण्याच्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "वहिनी, एलियाहू नबी झकास आलेत, पण रथाला शेळ्या का जुंपल्यात?" तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं मी.

७ जाने.
शेवटी मीच फोन केला. येतो म्हणाले. मेझुझाच्या डब्या मांडणार. प्रार्थनेचा कागद घालून दाराच्या चौकटीला ठोकतात त्या. सागवानी. काम सुरेख, हे फक्त इथे लिहितेय. अट एकच: त्यांची खुर्ची माझ्या चित्राकडे पाठ करून. मान्य.
चित्र उतरवून उजेडात पाहिलं. शेळ्याच आहेत.

९ जाने., शुक्र.
लष्कर भागात बँडवाल्याकडे, वरातीची घोडी बघून काढायला. घोडी एका जागी ठरेना. वाजवल्याशिवाय ती उभीच राहत नाही म्हणे. बिचाऱ्याने तासभर ताशा वाजवला. तीन पानं झाली. कान अजून वाजताहेत, आणि शब्बाथचे दिवे लावायचेत. पुरे.

१३ जाने.
एक घोडा नव्याने रंगवला. अगदी खराखुरा. त्यामुळे उरलेले तीन जास्तच...
वेळ नाही. आहे तसं नेणार.

१८ जाने., रवि.
गर्दी बरी. गड्ड्याच्या जत्रेला आलेले लोक उन्हाचे आत शिरत होते. एका बाईंनी उदबत्ती ठेवायला म्हणून तीन डब्या मागितल्या. भाऊजींनी अर्धा तास प्रार्थना समजावली. त्या बरं म्हणून गेल्या.
दुपारी माळशिरसकडचे एक धनगर आजोबा चित्रासमोर कितीतरी वेळ उभे. मग मला म्हणाले, "शेरडं लई झ्याक काढलीत की बाई. पर ह्यात योक घोडं कशापायी घातलंय?"
माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात भाऊजी खुर्चीवरून उठून आले. कधी नव्हे तो करडा आवाज.
"घोडेच आहेत ते. चारही. आमच्याकडचे घोडे असेच असतात."
आजोबांनी परत नीट पाहिलं. असतील की, म्हणाले, आणि नबीला हात जोडून गेले.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. भाऊजींनी खुर्ची मात्र फिरवून घेतली.

२० जाने., मंगळ.
भाऊजी आले. दोनदा चहा. मग पिशवीतून फॉर्म काढला. मुलीने इस्राएलमधल्या अश्दोदहून पाठवलेला, कायमचं तिकडे जाण्याचा. सहा महिने कपाटात होता म्हणे. एका शब्दाने बोलले नव्हते. आता म्हणे तुमचं अक्षर चांगलं, भरून द्या.
भरायला बसले. नाव, जन्मगाव. व्यवसायापुढे 'निवृत्त, रेल्वे' लिहिणार, तर त्यांनी थांबवलं.
"कलाकार लिहा, वहिनी."
लिहिलं. दोनदा गिरवलं.
खाली सहीची जागा. मी पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं, टोपण लावलं, खिशात घातलं आणि येतो म्हणून उठले. पेन माझं होतं. फॉर्म इथे टेबलावर आहे.