तुझं वेचणीचं फडकं

आई, आज मी वहिनीशी खोटं बोलले.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता नगरला एका जिनिंग कारखान्याच्या प्रयोगशाळेत कापसाच्या धाग्याची लांबी, ओलावा, कचरा तपासते. काम मला चांगलं जमतं. पण माझ्याशी बोलताना तुझ्याकडे कायम एकच शब्द असायचा, कापूस. शहरातल्या पाहुण्याला सांगावं तसं. “कापसात नको येऊ, हात फाटत्यात. तुझे हात लिवायचे हायेत.” मी बांधावर पुस्तक घेऊन बसायचे. दादाचं लग्न झालं, त्या दिवाळीत सुट्टीला आले, तर तू नव्या सुनेशी निराळंच बोलत होतीस. झाडाला तुम्ही दोघी सरकी म्हणत होतात. कुठे कळीचं पातं गळालं, कुठलं बोंड उद्या फुटेल, ही कवडी, ही बाजूला टाक, पुढे वाळली की पऱ्हाटी चुलीला होईल. आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचं फडकं तू तिच्या कमरेला बांधतेस, पोटापुढे झोळी होते, तू ती ओढून बघतेस.

“लई घट्ट झालं का गं?”

“न्हाई, आत्याबाई.”

“मग हस की. सरकी वेचायचीय, परीक्षा न्हाई द्यायची.”

दोघी हसलात. मी बांधावर पुस्तकाचं पान उलटलं. किडीनं खाल्लेलं, अर्धवट उकललेलं बोंड म्हणजे कवडी, हे मला ठाऊक होतं. तू मला कधी विचारलंच नाहीस.

आज शेवगावकडे घरी गेले होते. वेचणी चालू आहे. वहिनीनं एक डागाळलेलं बोंड माझ्यापुढे धरलं. “वन्सं, ही कवडी. चांगल्यात मिसळू नको, म्हणायच्या आत्याबाई.”

“माहीत आहे मला.”

“माहीत असंल, पर त्या कशा म्हणायच्या ते ऐका की.” आणि तिनं तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. शेवटचं अक्षर लांबवत, थेट तुझ्यासारखं. मला ते जमत नाही. वाक्य आठवतं, आवाज येत नाही.

ती जेवायला वाढत होती तेव्हा खुंटीवरचं हिरवं फडकं मी घडी करून बॅगेत टाकलं. निघताना तिनं विचारलं, “वन्सं, फडकं बघितलं का हितलं?” मी नाही म्हणाले. ती खुंटीखाली वाकून शोधत राहिली. “उंदरानं वढलं असंल. त्यांचं तेवढंच हुतं माझ्यापाशी.”

ते ऐकून मला बरं वाटलं. नगरला पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

खोलीवर आल्यावर आरशासमोर फडकं कमरेला बांधून पाहिलं. झोळी होत नाही. गाठ सरकते आणि सगळं पायाशी येतं. तू ती कशी मारायचीस ते मी बांधावरून नीट पाहिलं नव्हतं. वाचत असल्यासारखं दाखवत होते. आता ती गाठ एकट्या वहिनीलाच येते. तिला विचारायचं तर फडकं कुठे आहे ते आधी सांगावं लागेल. मोबाईल समोर आहे. अजून तिला फोन लावलेला नाही.