बोट यायच्या आत

आई, मी पास झाले. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण आपल्या घरात चांगली बातमी सांगायची कुणाला कधी घाई नसायची आणि मला आता ती आहे. इंग्रजीची परीक्षा पास झाले, आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने मला नर्स म्हणून घेतलं आणि डहाणूच्या आपल्या आळीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक झाली आहे. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. मी नर्स झाले हेसुद्धा तुला माहीत नाही, म्हणजे सगळं मुळापासून सांगायला हवं.

तुझा तो धपाटा मात्र अजून पाठीवर आहे. मी नुकती शाळेत जायला लागले होते. बाबा किनाऱ्यावर बोटीत जाळं भरतायत, तू पाण्याचा डबा घेऊन उभी आहेस आणि मी मोठ्याने विचारते, "बाबा, कुठं चालला? आज किती पापलेट आणणार?" तू डबा वाळूत ठेवलास आणि मला एक ठेवून दिलीस. "जाणाऱ्याला कुठं म्हणून विचारते? बोट यायच्या आत मासळीचं नाव काढते?" बाबा बोटीतून खाली उतरले, थोडा वेळ वाळूत बसले आणि पहिल्यांदाच निघाल्यासारखे पुन्हा चढले. संध्याकाळी बोट आली ती फाटकं जाळं घेऊन. ते खडकाला अडकून फाटलं होतं, पण शिवताना तू माझ्याकडे अशी बघत होतीस की मीच ते दातांनी फाडलंय. मी पुढचे कितीतरी दिवस तुझ्या वाटेला गेले नाही.

आपल्या आळीत हा नियम बोटीपुरता राहिलाच नव्हता. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले, तर शेजारणीला ते कळायचं पाहुणे चहा पिऊन गेल्यावर. पाया खणून झाला तरी घर बांधतोय असं कुणी म्हणायचं नाही, जरा माती सारतोय म्हणायचं. गंमत म्हणजे तीच तू तलासरीच्या आठवडे बाजारात सुके बोंबील घेऊन बसलीस की तुझ्या तोंडाला कुलूप नसायचं. गुजरातीत भाव, मराठीत भांडण आणि पाड्यांवरून आलेल्या बायांशी त्यांच्या बोलीत थट्टा. फक्त उद्याचं काही विचारलं की गप्प. पुढच्या बाजाराला येणार ना, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर तू म्हणायचीस, "बघू, दर्या काय बोलतो."

त्याच तलासरीत मी पुढे नोकरीला लागले. हायवेजवळचं एक खासगी हॉस्पिटल. ट्रकवाले, अपघात, बाळंतिणी, पावसाळ्यात तापाच्या रांगा. तुझ्या तिन्ही भाषा मला तिथे उपयोगी पडल्या. दोन हजार सोळाच्या सुमारास माझ्याबरोबरची एक नर्स आयर्लंडला गेली आणि तिने फोनवर सांगितलं की तिकडे नर्स हव्या आहेत, फक्त इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही. आणि चारहींत त्यांना हवे तेवढे गुण पडले तरच पुढची दारं उघडणार. मला जायचं होतं, आई. घरात अडचण होती म्हणून नाही, इथे कुणी छळत होतं म्हणूनही नाही. ज्या किनाऱ्यावरून मी जन्मभर दुसऱ्यांना जाताना बघितलं, तिथून एकदा मला जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. तुझीच मुलगी ना मी.

बोर्डीला एक बाई होत्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सुट्टीच्या दिवशी मी बसने त्यांच्याकडे जायची. त्यांच्या चिकूच्या वाडीत, घराच्या ओट्यावर आमचा वर्ग भरायचा, आणि येताना मी पिशवीभर चिकू आणायची म्हणून बाबांना वाटायचं की मी बोर्डीला चिकूच आणायला जाते. बाई गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "तू पेशंटला सलाइन अर्धवट लावून सोडतेस का? मग वाक्य का सोडतेस?" असं विचारायच्या आणि लाल पेनाने माझ्या पानाची शेती करून टाकायच्या. कुठे 'अ' लावायचा आणि कुठे 'द', यावर आमचा एक अख्खा उन्हाळा गेला. सरावाच्या टेपमधली, हॉटेलात खोली बुक करणाऱ्या गोऱ्या लोकांची बोलणी मी कामावर जाताना बसमध्ये कानात घालून ऐकायची आणि बाहेर हायवेवरचे ट्रक हॉर्न मारून त्यांचा पत्ता नेमका खाऊन टाकायचे. अवघड शब्दांचे कागद मी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. एकदा डॉक्टर काहीतरी काढायला गेले आणि बाहेर येऊन विचारतात कसे, "सिस्टर, हे रिलक्टंट नावाचं औषध आपण कधी मागवलं?"

निबंध मला आवडायला लागले. काही लोकांना असं वाटतं, काही लोकांना तसं वाटतं, तुमचं मत मांडा. दोन्ही बाजू मांडायला मी तयार, आपल्या आळीत भांडणं काय कमी ऐकली होती? पण शेवटचा परिच्छेद माझ्याकडून होत नसे. पुढे काय होईल असं वाटतं ते लिही, असं बाई सांगायच्या आणि मी तिथे आले की पेन खाली. मग पानाच्या तळाशी लाल अक्षरात यायचं, 'पुढे काय?' मला वाटायचं वेळ पुरत नाही. बाईंनाही तेच वाटायचं, म्हणून त्या मला आणखी भराभर लिहायला लावायच्या.

पहिल्यांदा परीक्षेला बसले ती मुंबईच्या एका हॉटेलात. लिहिणं, वाचणं, ऐकणं बरं गेलं. बोलण्याच्या परीक्षेला समोर एक वयस्क परीक्षक, टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र, आणि त्यांनी एक कार्ड माझ्याकडे सरकवलं. येत्या काही वर्षांत तुम्हाला करायची असलेली एक मोठी गोष्ट, तिच्याविषयी बोला. मला इंग्रजी येत होतं, आई. शब्द तोंडात तयार होते. पण मी ते कार्ड बघितलं आणि मला जाळ्याचा वास आला. यंत्र चालू आहे, परीक्षक वाट बघतायत आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. शेवटी मी म्हटलं, "सर, असं आधी बोलत नाहीत." त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो पुन्हा सावकाश वाचून दाखवला. मी मान हलवली आणि गप्प राहिले.

निकाल आला. तीन ठिकाणी हवे तेवढे गुण आणि बोलण्यात नापास. तुझ्या मुलीला बोलण्यात नापास केलं, हे बाजारातल्या तुझ्या गिऱ्हाइकांना सांगितलं असतं तर ती हसून लोळली असती. मी बोर्डीला जाऊन बाईंना खरं कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मग निबंधातही हेच होत होतं होय," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात गुजरातकडचा एक व्यापारी वाडी बघायला आला. झाडांवर नुसता फुलोरा, एक फळ धरलेलं नाही आणि हे दोघं उभ्या उभ्या पुढच्या हंगामाच्या चिकूंचं बोलतायत. किती निघतील, कधी उतरवायचे, टेम्पो कुठे लावायचा. मला तिथे उभं राहवेना. व्यापारी गेल्यावर मी विचारलं, "बाई, भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "कसली? बोलल्याने कुठे फूल गळतं? वारा सुटला तर गळेल, तेव्हा पुन्हा बसून बोलू."

परत येताना बसमध्ये मला एकदम तो दिवस दिसला. तुला वलसाडच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी आहे. तुझं अंग तापाने फणफणलंय, बाबा तुला धरून बसवतायत आणि मी उंबऱ्यावर उभी आहे. आई कुठे चालली, कधी येणार, हे माझ्या अगदी ओठांवर आहे. मी विचारत नाही. जाणाऱ्याला विचारायचं नाही. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, शाबास म्हणाल्यासारखी. मी तुझा नियम अक्षर न् अक्षर पाळला, आई, आणि तू परत आली नाहीस. डहाणूत बस वळेपर्यंत मला इतका राग आला होता की शेजारच्या बाईने मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. राग तुझा नव्हता. तू तरी काय, तुझ्या आईने तुला हेच शिकवलं असणार. पण त्या नियमाने तुला वाचवलं नाही, मग मी त्याचं काय देणं लागत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. बोट आता त्यांनी सोडली आहे, पण हातातलं जाळं सुटत नाही. मी समोर जाऊन म्हटलं, "बाबा, मी आयर्लंडला जाणार." त्यांनी इकडेतिकडे बघून हाताने गप्प म्हणून खूण केली. मी थांबले नाही. परीक्षा कसली, हॉस्पिटल कसलं, तिथला समुद्र कसा, मी कुठे राहणार, सगळं सांगितलं. बाबा उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ते बाहेर आले, पुन्हा खाली बसले आणि म्हणाले, "तिकडं थंडीत कंची मासळी गावते?"

त्यानंतर रोज कामावरून आले की मी बाबांसमोर बसून इंग्रजीत माझं पुढचं आयुष्य सांगायची. त्यांना एक शब्द कळत नव्हता. मी अडखळले की ते म्हणायचे, "हां, मग पुढं?" आणि मी पुढे जायची. बाईंना मी शेवटच्या परिच्छेदासकट निबंध देऊ लागले. त्यातले काही तर नुसते शेवटच्या परिच्छेदांचेच होते, म्हणून त्या पुन्हा ओरडल्या.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा परीक्षक एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल असं वाटतं? आई, मी बोलले. माझ्या वॉर्डाची खिडकी कुठल्या बाजूला असेल, तिथल्या म्हाताऱ्यांना मी कशी आंघोळ घालीन, बाबांना तिकडे नेऊन बंदर दाखवीन आणि ते तिथल्या मासळीला नावं ठेवतील, इथल्या पोरींना मी तिथून फोनवर इंग्रजी शिकवीन. चुका झाल्या असतील, झाल्याच. मी त्यांच्यासाठी थांबले नाही. शेवटी त्या बाईंनी हसत हात वर केला, वेळ संपली म्हणाल्या, आणि तरी मी एक वाक्य जास्तीचं बोलून घेतलं. हॉटेलातून बाहेर पडले तेव्हाच मला कळलं होतं. निकालात सगळ्यात जास्त गुण बोलण्याला पडले.

तो निकाल घेऊन बाबा थेट किनाऱ्यावर गेले. बोटी निघायच्या बेतात होत्या, सगळी आळी तिथेच होती. "माझी पोरगी आयर्लंडला चालली," बाबा भर किनाऱ्यावर म्हणाले. म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. मी त्यांच्या कानात म्हटलं, "बाबा, अजून व्हिसा यायचाय." ते म्हणाले, "येल तवा येल. मी आता सांगतो." व्हिसा आला, या वर्षी आला, पण त्याच्या आधीच लोक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले होते. कुठं चालली गं? कुठं म्हणजे नेमकं कुठं? किती दिवस? आपल्या आळीतल्या बाया, तुझ्या वयाच्या, मला हे विचारत होत्या आणि मी प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत होते. इतका मान मला उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता.

आता बॅग भरून झाली आहे. हे पत्र तिच्यात ठेवणार नाही आणि कुठे टाकायचा प्रश्नच नाही, पण एक तुला सांगायचं राहिलंय. सगळ्याजणी येतात, माझा हात धरतात आणि विचारतात, घर सोडताना जीव जड झाला असेल ना गं? मी मान खाली घालून हो म्हणते. तसं म्हणावं लागतं, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. आई, जरासुद्धा झालेला नाही.