चारशे दोनमधला वास

५ एप्रिल, शुक्रवार

आले एकदाची वारज्यात! चौथा मजला, फ्लॅट चारशे दोन, खिडकीतून टेकडीचा एक तुकडा दिसतो. हडपसरच्या घराखाली लोखंडी ग्रिलचं दुकान होतं. त्या खणखणाटात माझा उपनिरीक्षक महिपती विचार करू शकत नव्हता आणि मीही. महिपतीमालिकेची चौथी कादंबरी मेअखेर आमोदला द्यायची आहे. आमोद म्हणजे माझा प्रकाशक. या खेपेला कामाची टिपणं आणि रोजनिशी एकाच वहीत लिहायचं ठरवलंय.

पुस्तकांची खोकी उघडतेय तोच वरच्या पाचशे दोनमधल्या इंदुबाई गजभिये सांडग्यांचा डबा घेऊन आल्या. पोस्टातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात. मुलगी कल्याणी जर्मनीत, दर रविवारी फोन करते. माझी तिन्ही पुस्तकं वाचली आहेत म्हणाल्या. "तिसऱ्यातला खुनी मला चाळिसाव्या पानावरच समजला होता. तरी वाचलं पुढे. म्हटलं, बाईनं एवढं लिहिलंय." मला त्या फार आवडल्या. पाडवा झाला की नागपूरला भावाकडे जाणार, चौदा तारखेची जयंती करूनच परत येणार.

६ एप्रिल, शनिवार

तिसऱ्या पुस्तकानंतर शवविच्छेदन करणाऱ्या एका डॉक्टरांचं पत्र आलं होतं. "आपल्या कादंबरीतील सहा दिवसांचे प्रेत अत्यंत नीटनेटके वाटले. त्यास आंघोळ कोणी घातली?" ते अजून खुपतंय. म्हणून आज दीड किलो कोंबडी आणली, कलेजीसकट. टबात घालून टब ड्राय बाल्कनीत ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ पाहायचं आणि लिहायचं.

८ एप्रिल, सोमवार

ऊन एवढं आहे की मला वाटलं त्याहून लवकर सगळं सुरू झालं. कातडी हिरवट, ओल्या साबणासारखी बुळबुळीत. मांडीच्या खोबणीत भाताची शितं सांडल्यासारखी दिसली. वाकून पाहिलं तर शितं हलत होती. बेसिनपर्यंत कशीबशी पोचले आणि ओकले. तोंड धुतलं आणि लगेच सगळं लिहून काढलं. लिहिताना मात्र मजा आली. हे काही बरं लक्षण नाही.

१० एप्रिल, बुधवार

आज कमाल झाली. सकाळपासून बाथरूमच्या पाइपातून ठोकल्याचा आवाज येतोय. पाडव्याला निम्मी बिल्डिंग गावी गेली आहे, तेव्हा कोणीतरी नळाचं काम काढलं असणार. नवव्या प्रकरणात मला मार्केट यार्डातल्या गोदामात कोंडलेला माणूस हवाच होता. घड्याळ घेऊन स्टुलावर बसले. तीन ठोके, मग वीस श्वासांचा खंड, पुन्हा तीन. मध्येच लांबलेला "आ" ऐकू आला, पाइपात हवा अडकल्यासारखा. तोही उतरवून घेतला.

दोन हजार शब्द झाले. कित्येक वर्षांत इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

११ एप्रिल, गुरुवार

ठोके मंदावले. खंड आता अर्ध्या-अर्ध्या तासाचा. दुपारी तीननंतर काहीच नाही. ती शांतताही वापरली. प्रकरण पूर्ण करून आमोदला पाठवलं. त्याचा फोन आला, अंगावर काटा आला म्हणाला. ही शांतता कुठून आणलीस, असं विचारत होता.

१३ एप्रिल, शनिवार

सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ नाकाला रुमाल लावून आले. वासाच्या तक्रारी आल्यात, म्हणून एकेक फ्लॅट तपासत वर चालले होते. मी शरमेनं टब दाखवला. त्यांनी रुमाल आणखी घट्ट दाबला. "अहो, लेखकांच्या घरी शाईचा वास येतो, अशी आमची समजूत होती." आणि वर न जाता खाली परतले. संध्याकाळी फलकावर सूचना: चारशे दोनच्या रहिवाशांनी साहित्यसेवा दारे-खिडक्या बंद करून करावी.

१४ एप्रिल, रविवार

टब फेकून दिला. दोन बाटल्या फिनेल ओतून बाल्कनी घासली. तीनदा आंघोळ केली.

१५ एप्रिल, सोमवार

वास आहे. कालच्यापेक्षा जास्त.

कोंबडीचा नाही. तो मला पाठ आहे, त्याची पानंच्या पानं लिहिली आहेत. हा गोडसर, जाड. जिभेवर बसतो. चहाला येतो, उशीला येतो. बाल्कनीत कमी आणि बाथरूममध्ये—

१६ एप्रिल, मंगळवार

आंघोळ करताना खांद्यावर थेंब पडला. कोमट, चिकट. पाणी नव्हतं.

वर पाहिलं. पाइप छतातून खाली येतो तिथे तपकिरी ओल. फटीतून काहीतरी पांढरं सुटून बादलीत पडलं. मग दुसरं. हलत होतं.

पाइप वरून येतो. पाचशे दोनमधून.

बद्रीनाथांना फोन केला. त्यांनी दार फोडायला माणसं— मी जिन्यातच—

१७ एप्रिल, बुधवार

इंदुबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. हातात पितळी तांब्या, कडेला पोचे पडलेला. पडल्यावर दीड-दोन दिवस जिवंत असाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना वाटलं त्या नागपूरला. भावाला वाटलं, यायचं रद्द केलं. कल्याणीचा रविवारचा फोन उचलला नाही, तिला वाटलं जयंतीच्या गर्दीत असतील.

पोलिसांनी विचारलं, काही ऐकलंत का. मी नाही म्हणाले. वासाबद्दल बद्रीनाथच बोलले, आम्हाला वाटलं यांचाच. माझ्यावर कोणी रागावलंसुद्धा नाही.

आमोदला फोन केला. नववं प्रकरण काढून टाक म्हणायचं होतं. तो म्हणाला, त्यावरच तर पुस्तक उभं आहे. मी— मी बरं म्हणाले.

स्वतःच्या हाताची किळस येते. याच हातानं जेवायचं.

१९ एप्रिल, शुक्रवार

कल्याणी बाहेरच्या खोलीत बसली आहे. विमानतळावरून थेट आली. विचारते, "खरंच काही ऐकू आलं नाही? तुम्ही तर खालीच होतात." मी बाहेर गेले होते म्हणाले. ती म्हणाली, सेक्रेटरी सांगतात तुम्ही आठवडाभर घराबाहेर पडलाच नाहीत.

पाणी आणते म्हणून आत आले. ओट्यावर वही होती.

ती रडतेय. तोंडावर ओढणी दाबून, म्हणून आवाज नाकातून येतो, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी— मी हे काय—

पेन ठेव. ठेव खाली.

ती उठली. हाक मारतेय. ताई म्हणताना तिचा आवाज मध्येच चिरतो, किंचित, जसा—