आबांनी घातलेलं गाऱ्हाणं

प्रिय गौरव,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. शाळेतल्या वहीचं पान आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. रविवारपासून माझ्या पोटऱ्या अशा धरल्यात की वर्गात मी खुर्चीतून उठत नाही. आज पहिलीतल्या एका पोरीने विचारलं, "बाई, तुमी म्हाताऱ्या झालाव काय?" मी होय म्हणाले. तिच्याशी वाद घालायचंही त्राण नव्हतं.

तू गणपतीपुळ्याला एका लॉजवर काउंटर सांभाळतोस हे मला दिवाळीपासून माहीत आहे. आमच्या समीक्षाबाई सहल घेऊन आल्या होत्या, त्यांनी तुला पाहिलं. आबांनाही मी सांगितलं. ते ऐकून घेतात, बोलत मात्र नाहीत. गावात तू अजून फौजेतच आहेस. कुणी विचारलं की आबा मिशीवरून हात फिरवतात आणि "सुट्टी मिळत नाही हो त्याला" हे मला म्हणावं लागतं. तू ट्रेनिंग सोडून रत्नागिरी स्टेशनात उतरलास आणि तिथून फोन केलास, तेव्हा आबांनी तुझं सगळं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. त्यांनी तुला तोडलं असं तू धरलंस. खरं सांगू, मीही तसंच धरलं. तुला निरोप द्यायला त्यांनी वाडीभर पेढे वाटले होते, ते पेढे आपल्या तिघांनाही बाधले बघ. तेव्हापासून माझी इकडे आड तिकडे विहीर झालीय. तिकडे तू रुसलेला, इकडे हे मुके, आणि मी शाळा, गुरं, काजू आणि तुम्हा दोघांच्या मधली ये-जा करतेय. आई असती तर तिने दोघांनाही लाटणं दाखवलं असतं.

तर रविवारचं सांगते. रत्नागिरीच्या एका चालणाऱ्यांच्या मंडळाने आपल्या वाघजाईच्या डोंगरावर माजी सैनिकांसाठी चाल ठेवली होती. शहरातून माणसं आली, केशरी टी-शर्ट घालून. त्यांनी वर्गणी भरून डोंगर चढायचा आणि त्या पैशातून म्हाताऱ्या सैनिकांचे उपचार करायचे. हेतू चांगला, माणसंही चांगली. पायथ्याशी मांडव होता, त्यात आपल्या पंचक्रोशीतले माजी सैनिक खुर्च्यांवर ओळीने बसवले होते. प्रत्येकाला शाल आणि नारळ. आबांनी जुन्या बुटाला पॉलिश केलं होतं. बर्फात गेलेल्या बोटांच्या जागी मी सकाळी कापडाचा बोळा भरून दिला, तर म्हणाले घट्ट भर, चालायचं आहे. मला वाटलं, मांडवापर्यंत.

निवेदक उत्साही होता. प्रत्येकाची माहिती त्याने गावातूनच गोळा केली होती, आणि गावाला जे माहीत तेच त्याला मिळालं. "हवालदार हरिश्चंद्र यांचे चिरंजीव गौरव आज वडिलांचाच वारसा सीमेवर चालवत आहेत," असं त्याने लाउडस्पीकरवर सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आबांकडे बघायचं टाळलं. बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. शालीसकट, नारळ काखेत मारून आबा देवळाकडच्या पाखाडीच्या पायऱ्या चढायला लागले होते.

मी मागून धावले. कार्यकर्ते धावले, काका, तुम्ही बसा, आम्ही तुमच्यासाठीच चालतोय, म्हणाले. आबा थांबलेही नाहीत. "मी हितं खुर्चीत बसायचं नि लोकांनी माज्यासाठी डोंगर चढायचा? ही कुटली रीत?" एवढंच बोलले. मग तो डोंगर आम्ही कसा चढलो ते विचारू नकोस. जांभ्याच्या पायऱ्या तुला माहीत आहेत, एक गुडघ्याएवढी तर एक वितीएवढी. प्रत्येक वळणावर आबा बसायचे, बुटातला बोळा नीट करायचे आणि उठायचे. माझ्या पायात शाळेतल्या चपला. वर गेलेली माणसं हसतखेळत खाली येऊ लागली, जाताजाता आमच्या हातात चिक्की ठेवू लागली. शेवटी डोंगरावर आम्ही दोघं आणि सागर म्हणून एक बँकेतले गृहस्थ उरलो. त्यांचं काम म्हणे सगळ्यांत शेवटच्या माणसामागून चालायचं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, हे लवकर आटपेल. आमच्या मागून ते इतके सावकाश चालले की मलाच त्यांची दया आली. अर्ध्यात मी आबांना म्हणाले, आता पुरे, मी दमले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "ठावं हाय मला," म्हणाले, "म्हनून तर चाललोय." मला तेव्हा अर्थ लागला नाही, रागच आला.

वर काय झालं ते मुद्दाम मागे ठेवतेय, नाहीतर अर्ध्यातच तू कागद टाकशील. आधी खालचं ऐक. आबांचा गुडघा सुजून भोपळा झालाय. डॉक्टरांनी त्यांना पडून राहायला सांगितलंय आणि ते पडून मला हुकूम सोडतात. तू फौजेत नाहीस हे आता वाडीला ठाऊक आहे. गुरवाला कळलं म्हणजे दवंडीची गरज नाही. मी सोमवारी मान खाली घालूनच शाळेला निघाले. वाटेत येसूबाईने थांबवलं. मला वाटलं, आता ही उभं-आडवं घेणार. तिने कुळथाच्या पिठाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "पिठी कर, आबांना बरी. नि पोराला म्हनावं, माजा पन मुंबैसून दोनदा पळून आलेला." बस. ज्याच्यासाठी आपण वर्षभर तोंडं लपवली त्याचा निकाल एवढाच लागला. घरी येऊन मी रडले, तेही धड जमलं नाही, कारण म्हैस ओरडत होती.

आता वरचं. सखाराम गुरव देऊळ बंद करून निघाला होता. आबांनी सत्काराचा नारळ त्याच्या हातात दिला आणि देवीला गाऱ्हाणं घाल म्हणाले. त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, आपल्या पायासाठी, नाहीतर युनिटमधल्या गेलेल्या माणसांसाठी. सखारामने सुरुवात केली, "बा वाघजाय माते म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू हरिश्चंद्र तुज्या पायरीशी हुबा हाय," आणि सागररावांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी त्यांना दटावलं, टाळ्या नाहीत, व्हय म्हाराजा म्हणायचं. मग आम्ही दोघं म्हणू लागलो. "तेचा पोरगा गौरव फौजंतनं अर्द्यात परत आला," व्हय म्हाराजा. "नि लाजंपायी घरचा उंबरा चढत नाय," व्हय म्हाराजा, हे माझ्या तोंडातून कसंबसं निघालं. सखाराम रंगात आला आणि सवयीने आपल्याच पदरचं जोडत गेला, "तर तेच्या मनाला बळ दे, तेला परत फौजंत धाड, बापासारका शिपाय कर..." आणि गौरव, आबांनी त्याचा हात धरला. चालू गाऱ्हाण्यात गुरवाला कुणी अडवत नाही, मी तरी जन्मात पाहिलेलं नाही. आबा म्हणाले, "सखाराम, थांब. फौजंत नको. तेला घरी धाड." सखाराम गडबडला. त्याने देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी एकटीच म्हणाले, व्हय म्हाराजा, चांगलं खणखणीत. तुझ्या वतीने दिलेला शब्द आहे तो, देवीसमोर मला खोटं पाडू नकोस. आबांनी मला लिहायला सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत. पण देवीपुढे फोडलेल्या त्या नारळाची एक वाटी त्यांनी उशाशी ठेवलीय आणि मला चटणीलासुद्धा हात लावू देत नाहीत. मी फार दमलेय रे. त्या वाटीचं सुकून खोबरं व्हायच्या आत ये.

तुझीच,
दीपालीताई